साठीच्या अलीकडचा सैनिक : जखम, वय आणि पेन्शन यांचा इतिहास

१/
३१ मे २०२० रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आयरीन ट्रिपलेट या ९० वर्षांच्या महिलेचे निधन झाले आणि अमेरिकी सरकारच्या हिशेबातील एक खाते कायमचे बंद झाले. त्यांना दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत असत. हे पेन्शन त्यांच्या वडिलांच्या लष्करी सेवेबद्दलचे होते, आणि ती सेवा होती १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धातली. युद्ध संपल्यानंतर १५५ वर्षांनी त्याचे शेवटचे पेन्शन थांबले.

२/
युद्धाचा खर्च तोफा थंडावल्यावर संपत नाही, हे या एका खात्यावरून दिसते. या धाग्याचा विषय मात्र त्या खर्चातील एका अवघड कोपऱ्यापुरता आहे. सैनिक युद्धावरून धडधाकट परततो. वीस-तीस वर्षे मिळेल ते काम करतो. पंचावन्न-साठीच्या सुमारास काम सुटते आणि दुसरे मिळत नाही. जखम नाही, म्हणून अपंगत्वाचे पेन्शन नाही. वय पुरेसे झाले नाही, म्हणून वृद्धत्वाचेही नाही. मधल्या वर्षांत त्याने खायचे काय?

३/
हा प्रश्न तीन देशांनी तीन वेगळ्या वाटांनी सोडवण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेने ‘म्हातारपण हेच अपंगत्व’ असे ठरवले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांनी ‘युद्धाने माणूस अकाली झिजतो’ हे तत्त्व कायद्यात आणले. या वाटा सरळ नव्हत्या. त्यांत निवडणुका आहेत, गोळीबार आहे, एक चक्रीवादळ आहे, आणि ज्यांना काहीच मिळाले नाही अशांची मोठी रांगही आहे.

४/
सुरुवात १४ जुलै १८६२ च्या अमेरिकी कायद्यापासून. यादवी युद्ध ऐन भरात होते आणि स्वयंसैनिकांची भरती करायची होती. कायद्याने सांगितले की, युद्धसेवेत पूर्ण अपंगत्व आलेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर मिळतील. अट एकच होती, पण कडक होती : अपंगत्व सेवेमुळेच आलेले असले पाहिजे. पाय तोफगोळ्याने गेला असेल तर पेन्शन; दहा वर्षांनी गाडीखाली गेला असेल तर नाही.

५/
ही अट कागदावर न्याय्य दिसते, पण त्या युद्धात गोळीपेक्षा रोगराईने अधिक माणसे मेली होती. छावणीतला अतिसार, हिवताप, ओल्या जमिनीवर काढलेल्या रात्रींमुळे जडलेला संधिवात घेऊन हजारो लोक घरी परतले. वीस वर्षांनी गुडघे धरले, तेव्हा ते छावणीमुळे की शेतीच्या कष्टांमुळे, हे कोण सिद्ध करणार? अर्जदाराला जुन्या सोबत्यांच्या साक्षी आणि पलटणीच्या डॉक्टरची नोंद शोधावी लागे. बरेचदा सोबती मेलेले असत आणि नोंद झालेलीच नसे.

६/
या अर्जांसाठी वॉशिंग्टनमध्ये १८८२ ते १८८७ या काळात पेन्शन खात्याची स्वतंत्र इमारत उभी राहिली. माँटगोमेरी मेग्ज या लष्करी अभियंत्याने तिचा आराखडा केला. इमारतीला चहूबाजूंनी वेढणाऱ्या भाजलेल्या मातीच्या पट्टीवर सैनिक, खलाशी, जखमी आणि गाडीवान यांची न संपणारी मिरवणूक कोरली आहे. आज तेथे राष्ट्रीय वास्तुसंग्रहालय आहे. पेन्शनीचे कागद कधीच दुसरीकडे गेले.

७/
माजी सैनिकांची संघटना ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ तोवर प्रचंड झाली होती. १८९० मध्ये तिचे सभासद ४ लाखांच्या घरात होते. १८६५ मध्ये विशीत असलेले हे लोक आता पन्नाशीकडे झुकले होते. देश शेतीकडून कारखान्यांकडे वळला होता, आणि कारखान्याच्या यंत्राला पांढरे केस नको होते. त्यामुळे संघटनेची मागणी बदलली : जखमेचा पुरावा मागू नका, सेवेचा पुरावा पाहा.

८/
१८८७ मध्ये काँग्रेसने तशा आशयाचे विधेयक मंजूर केले. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी ते नाकारले. एवढ्या सैल अटींमुळे लबाडीला वाव मिळेल आणि खऱ्या जखमींच्या पेन्शनचा मान जाईल, असा त्यांचा आक्षेप होता. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. जकातीचा वाद हे पराभवाचे मोठे कारण होते, पण दुखावलेल्या माजी सैनिकांची मते बेंजामिन हॅरिसन या माजी सेनाधिकाऱ्याकडे वळली, हेही नाकारता येत नाही.

९/
हॅरिसन यांच्या कारकिर्दीत २७ जून १८९० रोजी नवा कायदा आला. किमान ९० दिवसांची सेवा, सन्मानाने झालेली सेवामुक्ती आणि अंगमेहनतीने पोट भरता येऊ नये असे अपंगत्व, एवढे असले की पुरे. अपंगत्व युद्धातूनच आलेले असण्याची अट गेली. रक्कम महिना ६ ते १२ डॉलर. पेन्शनीसाठीचा प्रश्न पहिल्यांदाच ‘काय घडले होते?’ याऐवजी ‘आज कमावता येते का?’ असा झाला.

१०/
परिणाम तत्काळ दिसला. १८९३ मध्ये पेन्शनवरचा खर्च अमेरिकी केंद्र सरकारच्या महसुलाच्या ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचला. पेन्शनधारकांची संख्या १० लाखांजवळ गेली. वकील आणि दलालांचा एक धंदाच उभा राहिला, त्यामुळे एका अर्जामागे किती फी घ्यावी यावर सरकारला १० डॉलरची मर्यादा घालावी लागली. वृत्तपत्रांत लबाडीच्या कथा रंगू लागल्या. त्यांपैकी काही खऱ्या होत्या. पण वृद्ध कामगारासाठी त्या देशात दुसरी कुठलीही व्यवस्था नव्हती, हेही तितकेच खरे होते.

११/
कायद्यात अजून एक गाठ उरली होती. दरवेळी डॉक्टरांच्या मंडळापुढे उभे राहून शरीर तपासून घ्यावे लागे. पासष्टीच्या सुताराचा हात थरथरतो, डोळ्यांना कमी दिसते, पण रोग म्हणावा असे काही नाही. डॉक्टर काय लिहिणार? मार्च १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारने ‘आदेश क्रमांक ७८’ काढून ही गाठ एका फटक्यात तोडली.

१२/
आदेशाचा आशय असा : ६२ वर्षे पूर्ण झालेला माजी सैनिक निम्मा अपंग समजावा आणि त्याला ६ डॉलर द्यावेत. ६५ नंतर ८, ६८ नंतर १० आणि ७० नंतर पूर्ण अपंग समजून १२ डॉलर. शरीर तपासायची गरज नाही, जन्मतारीख पुरे. काँग्रेसला न विचारता खर्चाचा एवढा मोठा निर्णय घेतल्याबद्दल टीका झाली. पण ६ फेब्रुवारी १९०७ रोजी काँग्रेसनेच कायदा करून हे तत्त्व उचलून धरले आणि रक्कम वाढवली : ६२ ला १२, ७० ला १५, ७५ ला २० डॉलर.

१३/
या घटनेचे महत्त्व मोठे आहे. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्ये कामगारांसाठी वृद्धापकाळाचा विमा आणला, तो सत्तरीनंतरचा होता. अमेरिकेत सर्वसाधारण नागरिकासाठी तसे काही यायला १९३५ उजाडले. त्याआधी जवळपास तीस वर्षे अमेरिकी सरकार बासष्टीनंतरचे पेन्शन देतच होते, फक्त त्याचे नाव वेगळे होते. साधा सुतार, शेतकरी, गवंडी यांना ते मिळे, जर त्यांनी कधीकाळी ९० दिवस निळा गणवेश घातला असेल तर.

१४/
‘जर’ हा शब्द येथे महत्त्वाचा. दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांना केंद्राचे पेन्शन नव्हते. त्यांच्या राज्यांनी आपापल्या तिजोरीतून तुटपुंजी सोय केली. उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिक कायद्याने समान हक्कदार होते. पण वयावर पेन्शन ठरू लागल्यावर एक विलक्षण अडचण उभी राहिली. गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाचा जन्म कुठल्याही चर्चच्या वा गावाच्या वहीत नोंदलेला नसे. आपण ६२ वर्षांचे आहोत हे तो कशावरून दाखवणार? काहींना जुन्या मालकाच्या कुटुंबाकडून दाखला आणावा लागला.

१५/
पुढचे युद्ध पहिले महायुद्ध. १९२४ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा नकाराधिकार डावलून सैनिकांसाठी ‘बोनस’ मंजूर केला : देशातील सेवेसाठी दिवसाला १ डॉलर, परदेशातील सेवेसाठी सव्वा डॉलर. पण बहुतेकांना रोख पैसे मिळाले नाहीत. मिळाले ते एक प्रमाणपत्र, जे १९४५ मध्ये वटायचे होते. त्याआधी सैनिक मेला तर पैसे वारसाला. सैनिकांनी त्याला कबरीवरच्या दगडाचा बोनस असे नाव ठेवले.

१६/
१९२९ नंतरच्या महामंदीत हे सैनिक पस्तिशी-चाळिशीत होते. कारखाने बंद पडत होते आणि खिशात हजारेक डॉलरचा कागद होता, जो तेरा वर्षांनी वटणार होता. १९३२ च्या उन्हाळ्यात ओरेगॉन राज्यातील पोर्टलंडहून वॉल्टर वॉटर्स या बेकार माजी सार्जंटच्या पुढाकाराने एक जथा मालगाड्यांतून राजधानीकडे निघाला. वाटेत लोक सामील होत गेले. वॉशिंग्टनमध्ये अॅनाकोस्टिया नदीकाठच्या चिखलात सुमारे २० हजार माजी सैनिक आणि त्यांची बायका-मुले फळ्या-पत्र्यांच्या झोपड्यांत राहू लागली.

१७/
१५ जूनला प्रतिनिधिगृहाने बोनस लगेच देण्याचे विधेयक मंजूर केले. १७ जूनला सिनेटने ते ६२ विरुद्ध १८ मतांनी फेटाळले. २८ जुलैला पोलिसांनी सरकारी इमारती रिकाम्या करायला सुरुवात केली. त्या झटापटीत झालेल्या गोळीबारात विल्यम हश्का आणि एरिक कार्लसन हे दोन माजी सैनिक मारले गेले. मग जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या हुकमतीखाली घोडदळ, पायदळ आणि सहा रणगाडे आले. अश्रुधूर सोडून जथा पांगवला गेला आणि झोपड्या जळाल्या.

१८/
मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट सत्तेवर आले. त्यांनी लोकांना काम देण्याच्या योजना आणल्या, पण पहिल्याच महिन्यात काटकसरीचा कायदाही आणला. २० मार्चच्या या कायद्याने माजी सैनिकांच्या सवलतींवर कुऱ्हाड पडली. सर्वांत मोठा फटका बसला तो १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात लढलेल्यांना. हे लोक तेव्हा पन्नाशी-साठीत होते. यादवी युद्धाच्या सैनिकांप्रमाणेच १९२० च्या कायद्याने त्यांना जखमेच्या पुराव्याशिवाय पेन्शन मिळत होते. ते एका फटक्यात संशयाच्या यादीत गेले.

१९/
मंदीच्या ऐन तडाख्यात पंचावन्न वर्षांच्या माणसाला पुन्हा सिद्ध करायचे होते की, आपले शरीर कामाचे राहिलेले नाही. संतापाची लाट उसळली आणि पुढच्याच वर्षी सवलतींचा काही भाग परत द्यावा लागला. १३ ऑगस्ट १९३५ च्या कायद्याने स्पेन युद्धाच्या सैनिकांचे पेन्शन पूर्ववत झाले. दुसऱ्याच दिवशी, १४ ऑगस्टला, रूझवेल्ट यांनी सर्व कामगारांसाठीच्या सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. त्यात वयाची अट ६५ होती आणि दरमहाचा पहिला हप्ता प्रत्यक्षात १९४० मध्ये मिळाला.

२०/
तोपर्यंतचा उपाय म्हणजे काम. तरुणांसाठी काढलेल्या वनसंवर्धन दलात २५ हजार माजी सैनिकांना वयाची अट शिथिल करून घेतले गेले. काहींना फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील बेटांवर महामार्गाच्या पुलांच्या कामाला पाठवले. ते तंबूंत आणि हलक्या लाकडी खोपटांत राहत. २ सप्टेंबर १९३५ रोजी त्या बेटांवर अतितीव्र चक्रीवादळ आदळले. त्यांना बाहेर काढायला निघालेली आगगाडी उशिरा पोहोचली आणि वादळाने तिचे डबे रुळांवरून फेकून दिले. अडीचशेहून अधिक माजी सैनिक बुडाले. जानेवारी १९३६ मध्ये काँग्रेसने बोनस देऊन टाकला, तोही राष्ट्राध्यक्षांचा नकार डावलून.

२१/
याच काळात उत्तरेच्या शेजाऱ्याने शांतपणे वेगळी वाट धरली होती. कॅनडातून पहिल्या महायुद्धासाठी ६ लाखांहून अधिक लोक भरती झाले आणि ६० हजारांहून अधिक परतले नाहीत. अपंगत्वाचे पेन्शन तेथेही होते, पण जखम आणि सेवा यांचा संबंध दाखवावा लागे. १९२० च्या दशकात माजी सैनिकांच्या संघटनांपुढे एक नवा माणूस वारंवार येऊ लागला : कागदोपत्री निरोगी, प्रत्यक्षात संपलेला.

२२/
लोकांनी त्याला नाव दिले : ‘जळून गेलेला’ सैनिक. वात जळून गेलेला दिवा बाहेरून अखंड दिसतो, तसा. खंदकातल्या चिखलात, विषारी वायूत, झोपेविना काढलेल्या वर्षांनी तो एकदम मेला नाही. त्याचे म्हातारपण मात्र लवकर आले. छातीत दम नाही, मोठा आवाज सहन होत नाही, एका जागी नोकरी टिकत नाही. डॉक्टरला लिहायला एकही रोग सापडत नाही. युद्धसेवेने माणसाच्या आयुष्याची सुमारे दहा वर्षे खाल्ली, अशी समजूत त्यातून रुजली.

२३/
ही समजूत १९३० च्या युद्धसैनिक भत्ता कायद्यात उतरली. कॅनडात १९२७ पासून गरीब वृद्धांना पेन्शन होते, पण ते सत्तरीनंतर, महिना २० डॉलरपर्यंत. नव्या कायद्याने प्रत्यक्ष युद्धभूमीवर सेवा केलेल्या गरजू सैनिकाला हाच आधार साठीला दिला. साठी न गाठलेला, पण शारीरिक वा मानसिक कारणाने कायमचा कामाला निरुपयोगी झालेला सैनिकही त्यात बसला. एकट्याला महिना २० डॉलरपर्यंत, विवाहिताला ४०. १ सप्टेंबर १९३० पासून तो लागू झाला, म्हणजे मंदी दाराशी आली तेव्हाच.

२४/
येथे एक बारीक पण मोलाचा फरक आहे. अमेरिकेने म्हातारपणाला अपंगत्व ठरवले. कॅनडाने युद्धालाच म्हातारपणाचे कारण मानले. पुराव्याचे ओझे त्यामुळे सैनिकावरून उतरले. तुमची झीज युद्धाने झाली का, असे विचारायचे नाही. ती झाली असणार हे कायदाच गृहीत धरतो. तपासायचे ते दोनच : तो युद्धभूमीवर होता का, आणि आज त्याच्याकडे किती आहे.

२५/
दुसरा प्रश्न मात्र बोचरा होता. भत्त्याला उत्पन्नाची अट होती. घरात दुसरा पैसा आला की भत्ता कमी होई. मुलाने पैसे पाठवले, चार दिवस राखणदारीचे काम मिळाले, खोली भाड्याने दिली, तरी ते कळवावे लागे. जे सैनिकाला मान म्हणून हवे होते, ते कार्यालयाच्या टेबलावर मदत म्हणून मोजले जाई. ही कुरकुर पुढे अनेक वर्षे चालू राहिली.

२६/
आणखी एक गट बाहेर राहिला. कॅनडाच्या मूलनिवासी समाजांतील अनेकांनी पहिल्या महायुद्धात नाव कमावले होते. पण १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात राखीव वसाहतींत राहणाऱ्या मूलनिवासी सैनिकांना हा भत्ता नाकारला गेला. त्यांना इतर मूलनिवासींप्रमाणे खात्याच्या मदतीवर राहायला सांगितले. खंदकात ते सैनिक होते. घरी परतल्यावर सरकारदरबारी केवळ आश्रित ठरले. हा नियम १९३६ मध्ये बदलला.

२७/
ऑस्ट्रेलियात गोष्ट थोड्या उशिरा घडली. तेथे पुरुषांना ६५ व्या वर्षी वृद्धत्वाचे पेन्शन १९०९ पासून मिळत होते. १९३२ च्या सुमारास देशात बेकारी कळसाला पोहोचली आणि सरकारने खर्चकपातीत पेन्शनलाही हात घातला होता. गॅलिपोली आणि फ्रान्सहून परतलेले सैनिक तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होते. १९३५ च्या दुरुस्तीने ‘सेवा पेन्शन’ आले आणि १ जानेवारी १९३६ पासून लागू झाले : युद्धभूमीवर गेलेल्या पुरुषाला ६० व्या वर्षी, परिचारिकांना ५५ व्या वर्षी.

२८/
म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या हिशेबात युद्धाने पाच वर्षे घेतली आणि कॅनडाच्या हिशेबात दहा. दोन्ही आकडे कुठल्याही प्रयोगशाळेतून आले नव्हते. तो समाजाने केलेला एक अंदाज होता. युद्धाचे जे परिणाम बोटाने दाखवता येत नाहीत, त्यांच्याबद्दल द्यायची ही भरपाई होती. ब्रिटनमध्येही ब्रिटिश लीजन या संघटनेने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अकाली वृद्ध झालेल्या सैनिकांसाठी अशीच मागणी लावून धरली. तेथील सरकारने ती मान्य केली नाही. शेजारच्या खंदकातील ब्रिटिश सैनिक त्यामुळे वयाने लहानच राहिला.

२९/
वयाचा हा हिशेब आणखी एका कारणाने फसवा होता. भरतीच्या वेळी अनेकांनी वय चोरले होते. पंचेचाळिशीचा माणूस चाळिशीचा म्हणून आणि सोळा वर्षांचा मुलगा अठराचा म्हणून सैन्यात शिरला होता. ज्याने तेव्हा पाच वर्षे लपवली, त्याला जन्माचा दुसरा दाखला मिळाला नाही, तर कागदावर साठी गाठायला आणखी पाच वर्षे थांबणे भाग होते.

३०/
महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध दोन ठिकाणी जोडता येतो. पहिले ठिकाण दापोली. कोकणातले हे गाव ब्रिटिश काळात सेवानिवृत्त सैनिकांच्या वस्तीसाठी ओळखले जाई. सुभेदार-मेजर रामजी सकपाळ महू येथील लष्करी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना महिना ५० रुपये पेन्शन होते, आणि तेही आधी दापोलीतच येऊन राहिले. मोठ्या कुटुंबाला ते पुरेना. पुढे त्यांनी सातारा भागात पुन्हा नोकरी धरली. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी खोदल्या जाणाऱ्या तलावावर ते रोखपाल होते.

३१/
त्यांना भेटायला निघालेल्या मुलांना मसूर स्थानकावर जे भोगावे लागले, ते त्यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आत्मकथनपर लेखनामुळे जगाला ठाऊक आहे. त्या प्रवासामागचे साधे कारण फारसे लक्षात घेतले जात नाही : वडील पेन्शनर असूनही नोकरीसाठी घरापासून दूर होते. याच दापोलीतून निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज सिद्ध केला. भरती थांबली म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर पुढच्या पिढीच्या म्हातारपणाचा आधारही गेला.

३२/
दुसरे ठिकाण दुसरे महायुद्ध. १९४५ पर्यंत हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या आसपास पोहोचली होती आणि त्यात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा या भागांतले मराठी जवान मोठ्या संख्येने होते. युद्ध संपताच बहुतेकांना घरी पाठवले गेले. पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची सेवा लागे. यांची सेवा पाच-सहा वर्षांची. इटलीत वा ब्रह्मदेशात लढूनही ते पेन्शनीच्या व्याख्येत बसले नाहीत.

३३/
युद्धाच्या काळात प्रत्येक लढाऊ सैनिकामागे महिना २ रुपये आणि इतरांमागे १ रुपया असा एक पुनर्वसन निधी बाजूला काढला जात होता. तो प्रांतांना वाटला गेला आणि त्यातून वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांसारखी सामूहिक कामे झाली. एकेका सैनिकाच्या म्हातारपणाला मात्र त्याचा आधार तुटपुंजा होता. दुसऱ्या महायुद्धातील विनापेन्शन सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी दरमहा अनुदान सुरू केले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हयातीचा दाखला घेऊन येणाऱ्या त्या थकल्या माणसांतील पुष्कळांना साठीच्या अलीकडची वर्षे अशा कुठल्याही आधाराविनाच काढावी लागली होती.

३४/
या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जखमी सैनिकाबद्दल समाजाला शंका नसते. त्याचा पुरावा त्याच्या अंगावर असतो. मृत सैनिकासाठी स्मारक उभे राहते. अडचण होते ती परतलेल्या, चालत्याफिरत्या, पण कामाला न उरलेल्या माणसाची. क्लीव्हलंड यांना तो लबाड वाटू शकला आणि हूव्हर यांच्या सरकारला उपद्रवी. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्या कायद्यांनी त्याच्यावर आधी विश्वास ठेवायचे ठरवले, मग हिशेब केला.

३५/
तो विश्वास टिकला आहे. ऑस्ट्रेलियात सर्वसाधारण नागरिकाचे वृद्धत्वाचे पेन्शन आता ६७ व्या वर्षी सुरू होते. युद्धभूमीवर सेवा केलेल्या सैनिकाचे सेवा पेन्शन मात्र आजही ६० व्या वर्षीच मिळते. १९३५ मध्ये पाच वर्षांचे असलेले अंतर आज सात वर्षांचे झाले आहे. गॅलिपोलीहून परतलेला शेवटचा सैनिक केव्हाच गेला. त्याच्या झिजेसाठी केलेला कायदा चालू आहे.

(समाप्त)